जिवाणूंचं पेव

मुलांनो, जून महिना उजाडला की परभणी जिल्ह्यात सगळ्यांचे डोळे दोन ठिकाणी लागलेले असतात. एक आभाळाकडे आणि दुसरं खताच्या दुकानाकडे. पाथरी असो, गंगाखेड असो की जिंतूर, दुकानासमोर पोती उतरत असतात. त्या पोत्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, 'डीएपी 18:46:0'. हे आकडे तुम्ही कधी नीट वाचलेत का?

पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा आणि तिसरा पालाशचा. म्हणजे या खतात पालाश अजिबात नाही आणि स्फुरद मात्र भरपूर. स्फुरद म्हणजेच फॉस्फरस. पण थांबा, 46 टक्के हा आकडा नुसत्या स्फुरदाचा नाही. स्फुरद आणि प्राणवायू मिळून होणाऱ्या एका संयुगाच्या हिशेबानं तो लिहिण्याची पद्धत आहे. त्यातून खरा स्फुरद काढला, तर 50 किलोच्या पोत्यात तो साधारण 10 किलो भरतो.

आता एक गंमत बघा. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे 700 ग्रॅम स्फुरद असतो. त्यातला बहुतेक हाडांत आणि दातांत. म्हणजे एका पोत्यात साधारण चौदा माणसांना पुरेल इतका स्फुरद झाला! तो नसेल तर हाडं नाहीत, पेशीतला डीएनए नाही आणि अंगात ताकदही नाही. पिकाचं तेच. स्फुरद कमी पडला की मुळं खुंटतात, रोप खुरटं राहतं आणि दाणा नीट भरत नाही.

काळ्या मातीचं कुलूप

यावर एखादे आजोबा म्हणतील, "अरे पोरा, आपली जमीन काळी, कसदार. तिच्यात काय कमी आहे? दरसाली एवढं खत ओततोय, ते जातंय कुठं?"

आजोबांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. खत कुठं जात नाही. ते तिथंच असतं, पण कुलपात!

मराठवाड्यातली काळी माती बेसॉल्ट खडकापासून तयार झाली. ती ओल छान धरून ठेवते, म्हणून तर इथं कापूस आणि ज्वारी पिकते. पण या मातीत चुना, म्हणजे कॅल्शियम, पुष्कळ असतो आणि ती थोडी अल्कधर्मी असते. खतातला फॉस्फेट पाण्यात विरघळला की कॅल्शियम त्याला लगेच धरतो. दोघांचं मिळून जे संयुग होतं, ते हळूहळू आणखी घट्ट होत जातं आणि शेवटी पाण्यात जवळजवळ विरघळेनासं होतं. आपल्या हाडांतलं खनिज याच घराण्यातलं, बरं का! हाड पाण्यात विरघळत नाही हे किती चांगलं आहे! पण शेतात नेमका तोच गुण नडतो.

मुळांना लागतो तो पाण्यात विरघळलेला फॉस्फेट. पेरणीला घातलेल्या स्फुरदापैकी जेमतेम पाचवा हिस्सा त्या हंगामात पिकाच्या उपयोगी येतो. उरलेला मातीत अडकून पडतो. पैसे मात्र पूर्ण पोत्याचे मोजलेले असतात! शिवाय हे खत ज्या खडकापासून बनतं, तो फॉस्फेट खडक आपल्या देशात पुरेसा नाही. त्यातला बराच परदेशातून जहाजानं आणावा लागतो. आणि खडक काही झाडाला लागत नाही. संपला की संपला.

किल्ली कुणाकडे?

या कुलपाची किल्ली आहे जिवाणूंकडे. मुळांभोवतीच्या मातीत स्यूडोमोनस आणि बॅसिलस या वंशांतले काही जिवाणू राहतात. मुळं त्यांना थोडी साखर पुरवतात. जिवाणू त्या साखरेपासून ग्लुकोनिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लं तयार करून बाहेर सोडतात. लिंबाच्या रसात चुनखडीचा तुकडा टाकला तर काय होतं? फसफसून विरघळायला लागतो ना? तसंच काहीसं, पण फार हळू, मातीच्या कणाकणाशी चाललेलं असतं. कॅल्शियमची पकड ढिली होते आणि फॉस्फेट सुटतो.

परभणीला कृषी विद्यापीठ आहे, हे तुम्हाला ठाऊकच असेल. 18 मे 1972 रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ते सुरू झालं. 2013 पासून त्याला वसंतराव नाईक यांचं नाव आहे. भेंडीची प्रसिद्ध 'परभणी क्रांती' ही जात याच विद्यापीठाची. तिथं जिवाणू खतंही तयार होतात. त्यातच 'स्फुरद विरघळविणारे जिवाणू' असतात. पेरणीआधी ते बियाण्याला चोळतात. यालाच बीजप्रक्रिया म्हणतात.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच शेतकऱ्यांच्या मुलांना माहीत असते. खरी नवलाई पुढेच आहे. जिवाणूनं फॉस्फेट सोडवला. मग तो सगळा पिकाला देऊन टाकतो का? छे! जिवाणू काही इतका साधा नाही. आधी तो स्वतःच्या घरात साठवण करतो.

सुटे दाणे की माळ?

जुन्या काळी मराठवाड्यात ज्वारी पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला धान्याचा साठा. सुगीत भरायचं आणि नड आली की काढायचं. जिवाणूही स्फुरदाचं असंच पेव भरतात. पण एक अडचण आहे. जिवाणू किती मोठा? मिलिमीटरचा साधारण हजारावा भाग! एवढ्याशा पेशीत हजारो फॉस्फेट सुटे ठेवले, तर ते बाहेरचं पाणी आत ओढून घेतील. मिठाच्या पाण्यात टाकलेल्या बोराच्या उलट प्रकार होईल, पेशी टम्म फुगेल.

मग जिवाणू काय करतो? तो एका फॉस्फेटला दुसरा जोडतो, दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला चौथा. मण्यात मणी ओवावा तसा. शेकडो मण्यांची, कधी कधी हजाराच्या घरात जाणारी माळ तयार होते. हजार सुट्या कणांऐवजी आता पेशीत एकच कण! पाण्याचा त्रास मिटला आणि जागाही वाचली. या माळेला म्हणतात पॉलिफॉस्फेट. 'पॉलि' म्हणजे पुष्कळ.

या माळेचे गोळे सूक्ष्मदर्शकातून दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच शास्त्रज्ञांनी ते पाहिले होते. पेशीला निळा रंग द्यावा, तर हे गोळे जांभळट तांबडे दिसत! घटसर्पाच्या जिवाणूत असे गोळे ठळक असतात. म्हणून डॉक्टर मंडळी घशातला नमुना रंगवून त्यावरून रोग ओळखू लागली. पण हे गोळे बनतात कसे आणि कशासाठी, हे कोडं मात्र बरीच वर्षं सुटलं नाही.

माळ ओवणारा कारागीर

कोडं सुटायला सुरुवात झाली 1956 साली, अमेरिकेत. आर्थर कॉर्नबर्ग आणि त्यांच्या पत्नी सिल्व्ही कॉर्नबर्ग हे दोघेही जीवरसायनशास्त्रज्ञ. आपल्या आतड्यातही राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूतून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं एक विकर वेगळा काढला. विकर म्हणजे एन्झाइम, पेशीतली कामं झटपट उरकणारं प्रथिन. हा विकर फॉस्फेटची माळ ओवत होता! त्याचं नाव पॉलिफॉस्फेट कायनेज. आपण त्याला थोडक्यात 'पीपीके' म्हणू.

पीपीके मणी आणतो कुठून? पेशीत एटीपी नावाचे रेणू असतात. त्यांना पेशीचे रोख पैसेच म्हणा ना. प्रत्येक एटीपीला तीन फॉस्फेटची छोटी शेपटी असते. पीपीके शेवटचा फॉस्फेट काढून आधी स्वतःच्या अंगावर घेतो. विकरातल्या हिस्टिडिन नावाच्या एका अमिनो आम्लावर तो क्षणभर बसतो. मग विकर तो माळेच्या टोकाला जोडून मोकळा होतो. पुन्हा पुढचा एटीपी, पुन्हा पुढचा मणी. 2005 साली या विकराची रचना स्पष्ट झाली, तेव्हा त्याच्या पोटात एक बोगदा दिसला. ओवण्याचं काम चालतं ते त्या बोगद्यात.

सगळ्यात भारी गोष्ट तर पुढे आहे. हाच विकर उलटाही चालतो! फॉस्फेट गमावलेल्या एटीपीला एडीपी म्हणतात. पेशीत एडीपी फार साठला, म्हणजे रोकड संपत आली, की पीपीके माळेतला मणी काढून एडीपीला लावतो. झाला पुन्हा एटीपी तयार. सुबत्तेत बचत आणि तंगीत उचल, दोन्ही व्यवहार एकाच खिडकीवर!

पुढे 2002 मध्ये स्यूडोमोनसमध्ये याचा दुसरा भाऊ सापडला, पीपीके-2. त्याचा कल ओवण्यापेक्षा माळेतले मणी काढून इतर रेणूंना देण्याकडे अधिक. आणखी एक विकर आहे, पीपीएक्स. तो कारागीर नसून कात्री आहे. माळेच्या टोकाकडून तो एकेक फॉस्फेट कापून सुटा करतो.

आर्थर कॉर्नबर्ग यांना 1959 साली नोबेल पारितोषिक मिळालं, ते मात्र डीएनए तयार करणाऱ्या विकरासाठी. त्या धामधुमीत फॉस्फेटची माळ मागे पडली. पुष्कळांना वाटे, हा नुसता पडीक साठा, यात काय पाहायचं? पण सत्तरी ओलांडल्यावर कॉर्नबर्ग पुन्हा या विसरलेल्या माळेकडे वळले. नारायण राव यांच्यासारखे सहकारी त्यांच्या सोबतीला होते. 2007 साली मृत्यू होईपर्यंत त्यांना याच विषयाचा ध्यास होता. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट फुकट गेला नाही. माळ नुसती पडीक नाही, हे सिद्ध झालं.

दुष्काळ पडला तर?

1972 चा दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांना विचारा. खायला नाही, हाताला काम नाही. अशा वेळी माणसं काय करत? खर्च आवरत, घरातलं किडूकमिडूक विकत आणि पाऊस येईपर्यंत तग धरत.

जिवाणूही असंच करतो. अन्न संपलं की पेशीत धोक्याची सूचना देणारा एक रेणू वाढतो. तो त्या कात्रीला, पीपीएक्सला, अडवतो. ओवणं चालू आणि कापणं बंद, त्यामुळे माळा भराभर साठतात. मग ही माळ लॉन नावाच्या दुसऱ्या एका विकराला जाऊन चिकटते आणि त्याला कामाला लावते. लॉन काही प्रथिनं मोडून अमिनो आम्लं मोकळी करतो. प्रथिनं तयार करण्याचे जे कारखाने असतात, त्यांचेच जादा भाग तो मोडीत काढतो! त्या अमिनो आम्लांपासून जिवाणू उपासाच्या दिवसांना लागणारी नवी प्रथिनं बनवतो. ज्या जिवाणूंत पीपीकेचा जनुक काढून टाकला, ते अशा उपासात टिकेनात. लवकर मरू लागले.

2014 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना आणखी एक उपयोग सापडला. जंतू मारण्यासाठी पाण्यात टाकतात त्या क्लोरीनच्या द्रावणानं प्रथिनं बिघडतात आणि अंड्याचा बलक उकळल्यावर घट्ट व्हावा तशी गोळा होतात. फॉस्फेटची माळ त्या प्रथिनांना धरून ठेवते, गोळा होऊ देत नाही. म्हणजे पेवातलं धान्य ते धान्य आणि वेळ पडली तर ढालही तीच!

हीच ढाल आपल्यावर उलटते

आता थोडी काळजीची गोष्ट. शेतातल्या जिवाणूला जी माळ जगवते, तीच रोगजंतूंनाही जगवते.

क्षयाचा जंतू माणसाच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. तिथं त्याला पुरेसं अन्न नाही, प्राणवायूही कमी. तरी तो मरत नाही. का? कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये दाखवलं, की क्षयजंतूंच्या कुळात संकटाची सूचना पेशीभर पोचवण्याच्या कामी पीपीके असतो. 2013 मध्ये भारतातच झालेल्या दुसऱ्या संशोधनात पीपीके नसलेले क्षयजंतू तयार केले गेले. गिनिपिगच्या शरीरात ते नीट वाढू शकले नाहीत आणि औषधांपुढेही लवकर नमले.

इथंच आशेचा किरण आहे. माणसाच्या पेशीतही थोडे पॉलिफॉस्फेट असतात. जखम झाल्यावर रक्त गोठायला ते मदतही करतात. पण जिवाणूसारखा पीपीके आपल्याकडे नाही. त्यामुळे फक्त पीपीकेला बंद पाडणारं औषध मिळालं, तर जंतू दुबळा होईल आणि माणसाला त्रास कमी होईल. असं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. प्रयोगशाळांत शोध चालू आहे. तुमच्यापैकी कुणी ते शोधलं तर?

सांडपाण्यातला खजिना

शहराच्या सांडपाण्यातही स्फुरद खूप असतो. तो नदीत किंवा तळ्यात गेला की शेवाळ आणि जलपर्णी माजते. पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. शेतात स्फुरद मिळत नाही म्हणून रड आणि नदीत तो जास्त झाला म्हणूनही रड! यावरचा उपाय या माळेतच निघाला.

त्याची एक सुरुवात आपल्या देशातली आहे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लई यांनी 1959 मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. जिवाणूंनी भरलेल्या गाळातून हवा खेळवली, की तो सांडपाण्यातला स्फुरद भराभर शोषून घेतो. पुढे जगभर याच तत्त्वावर शुद्धीकरण केंद्रं उभी राहिली.

तिथं जिवाणूंना मुद्दाम कधी हवेविना, तर कधी हवेत ठेवतात. हवा नसते तेव्हा ते माळ मोडून तिच्या ताकदीवर सांडपाण्यातलं अन्न आत ओढून घेतात. हवा मिळाली की ते अन्न जाळतात आणि आधी सोडला त्याहून जास्त फॉस्फेट गोळा करून नवी माळ ओवतात. नेमकं त्याच वेळी गाळ बाहेर काढायचा. पाणी स्वच्छ आणि स्फुरद हातात! या गाळातून पुन्हा खतही बनवता येतं.

जादू नव्हे, मदत

आता परत शेताकडे या. जिवाणू खत म्हणजे जादूची पुडी नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवा. जिवाणू नवा स्फुरद निर्माण करत नाहीत. जो मातीत आहे तोच सोडवतात. त्यातला काही ते माळ करून स्वतः साठवतात आणि जिवाणू मेले की तोही मातीत परत येऊन मुळांना मिळू शकतो. मातीत मुळात स्फुरदच कमी असेल, तर नुसत्या जिवाणूंनी भागणार नाही. म्हणून आधी माती परीक्षण, मग खताचा हिशेब.

घरी पेरणीची तयारी चालू असेल, तर एवढं बघा. जिवाणू खताच्या पाकिटावरची मुदतीची तारीख वाचा. पाकीट उन्हात ठेवू देऊ नका, आत जिवंत जिवाणू आहेत! साधारणपणे 250 ग्रॅमचं पाकीट 10 किलो बियाण्याला वापरतात. बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी आणि जिवाणू खत सगळ्यात शेवटी. मग बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावलेल्या बियाण्याला मुलांनी हात लावायचा नाही. ते काम मोठ्यांचं. तारीख वाचायचं काम तुमचं!

करून पाहा

शाळेत चांगला सूक्ष्मदर्शक असेल, तर सरांना किंवा बाईंना विचारून हा प्रयोग करा.

1. काचपट्टीवर ताज्या दह्याच्या पाण्याचा एक थेंब पातळ पसरा. वाळू द्या.
2. सरांकडून काचपट्टी ज्योतीवरून दोन-तीनदा झटकन फिरवून घ्या.
3. मिथिलीन ब्लूचे दोन थेंब टाका. एक मिनिटानं पाण्यानं हलकेच धुवा.
4. वाळल्यावर तेलाचा थेंब घालून सर्वांत मोठ्या भिंगाखाली पाहा.

निळ्या काड्या दिसतील, त्या लॅक्टोबॅसिलस आणि मण्यांसारखे निळे ठिपके हे दह्यातले दुसरे जिवाणू. आता काड्यांच्या आत नीट निरखा. काहींच्या पोटात गडद, जांभळट ठिपके दिसू शकतात. दिसले, तर समजा की तुम्ही पेवात डोकावलात. नाही दिसले, तर दुसऱ्या घरचं दही आणा. सगळ्यांचीच पेवं भरलेली नसतात! जे दिसेल त्याचं चित्र वहीत काढा आणि शेजारी तारीख लिहायला विसरू नका.